चाक का उतरले नाही, हे कळलेच पाहिजे!

विमान चढविण्यापेक्षा सुखरूप उतरविणे कठीण. चाके खाली येऊन पक्की बसली की वैमानिकापुढे हिरवे दिवे लागतात. एक दिवा लागला नाही तर दोष चाकाच्या दांड्यात असेल, तेलाच्या दाबात असेल, तारेत असेल किंवा निव्वळ दिव्यातही असेल. तो नेमका कुठे, हे शोधणे म्हणजे चौकशी. लष्करी प्रशिक्षण विमानाबाबत मात्र ‘चौकशीचे आदेश दिले’ एवढेच छापून येते. पुढे सारे सामसूम!

हिंगोलीला याचे काय, असे कोणी विचारील. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याची पोरे भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात, ती काय उगाच? मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या बीदरच्या तळावर फेब्रुवारी २००८ मध्ये ‘हॉक’ प्रशिक्षण विमाने दाखल झाली आणि एप्रिलमध्येच त्यातले एक उड्डाण करताना कोसळले. ‘एचपीटी-३२’ची चाके तर कायमची खालीच असत, दगा दिला तो इंजिनाने. जुलै २००९ मध्ये मेदक जिल्ह्यात दोन अधिकारी गेल्यावर ही विमाने जमिनीवर आली. तोवर १७ अपघातांत १९ जणांचे बळी गेले होते. प्रत्येक वेळी चौकशी झालीच असेल. मग शहाणपण सतराव्या वेळीच का आले?

गोपनीयतेची सबब आम्हाला मान्य नाही. ब्रिटनमध्ये मार्च २०१८ मध्ये ‘हॉक’ कोसळून एक तंत्रज्ञ ठार झाला. त्याचा चौकशी अहवाल तेथील सरकारने जगासमोर ठेवला. त्याने ब्रिटनचे संरक्षण ढासळले नाही. आपल्याकडेही नागरी विमानांचे अहवाल प्रसिद्ध होतात. मग गणवेशातल्या माणसाचा जीव स्वस्त आहे काय?

अहवाल दडला की ‘मानवी चूक’ हा शिक्का मारणे सोपे जाते. मेलेला वैमानिक उत्तर देत नाही आणि चाकाखाली काम करणाऱ्या तंत्रज्ञाचे कोणी ऐकत नाही. खराब सुटा भाग कोणी पुरविला, दुरुस्ती कोणी लांबविली, हे विचारायचेच राहून जाते.

आमची मागणी साधी आहे. शस्त्रांची गुपिते वगळा, पण अपघाताचे कारण जाहीर करा आणि अहवालाची प्रत कुटुंबाच्या हाती द्या. तिरंग्यात गुंडाळलेला मुलगा ज्या आईने स्वीकारला, तिला तो का गेला हे विचारण्याचा हक्क आहे. उत्तर देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे!