भिंत रंगवायची की टिपाड घासायचं?

भिंतींना कीटकनाशक मिसळलेला रंग दिला की डास त्यावर बसेल, मरेल आणि गावातून डेंगी हटेल, असं या रंगाचे पुरस्कर्ते सांगतात. यात थोडं तथ्य आहे. म्हणूनच शिरूर-दौंडच्या ग्रामपंचायतींनी पैसे मोजण्याआधी हा दावा नीट पारखून घ्यावा.

बोलिव्हियात स्पॅनिश रसायनशास्त्रज्ञ पिलार मातेओ यांनी असा रंग वापरला, तो चागास रोग पसरवणाऱ्या रक्तपिपासू कीटकावर. तो मातीच्या भिंतींच्या भेगांतच राहतो, तेव्हा भिंत रंगवणं रास्तच होतं. आपल्याकडेही १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघर भिंतींवर डीडीटी फवारलं गेलं. हिवताप पसरवणारी अ‍ॅनॉफिलिस मादी रक्त पिऊन जड झाली की बहुधा भिंतीवरच टेकते. हिवताप झपाट्यानं उतरला. पुढे मात्र डास डीडीटीला दाद देईनात, कामातही ढिलाई आली आणि १९७६ मध्ये देशातली रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. रंगातलं औषधही हळूहळू क्षीण होत जातं, तेव्हा हा धोका त्यालाही आहेच.

डेंगीचा एडिस डास वेगळ्या सवयीचा. तो दिवसा चावतो आणि खुंटीवरचे कपडे, पलंगाखालचा अंधार अशा जागी दडतो, म्हणून रंगवलेल्या भिंतीशी त्याची गाठ कमीच पडते. दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात, बेलसरला, जुलै २०२१ मध्ये राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला. झिका पसरवणारा डासही हाच.

आणि ज्यांना भिंतच नाही त्यांचं काय? गाळपाच्या हंगामात ऊसतोड कुटुंबं पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्यांत राहतात. तिथे रंग लावायचा कुठे?

एडिसचं मूळ साठवलेल्या पाण्यात आहे. पाबळ-केंदूरसारख्या टंचाईच्या भागात दारोदार टिपाडं भरून ठेवावी लागतात. त्याबद्दल बायाबापड्यांना दोष देणं अन्यायाचं आहे. पण या डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेलगत, टिपाडाच्या आतल्या अंगाला. ती काळी, बारीक अंडी तिथे चिकटून बसतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून टिपाड नुसतं उपडं करून भागत नाही. काथ्यानं आतून खसखसून घासावं लागतं, तेही दर आठवड्याला, कारण अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कोरडा दिवस पाळायचा तो यासाठी.

गडचिरोलीच्या हिवतापग्रस्त पाड्यांवर असा रंग जरूर आजमावावा. शिरूर-दौंडमध्ये मात्र पंचायतीचा पैसा आधी टिपाडांच्या घट्ट झाकणांवर, हौदांतल्या गप्पी माशांवर आणि कोपीत दिवसा झोपणाऱ्या तान्ह्या मुलांच्या मच्छरदाण्यांवर खर्च व्हायला हवा.