कोलोसियमच्या भिंतीवरील अनधिकृत अक्षरे

कोलोसियमचा विषय निघाला की वाङ्मयाचा अभ्यासक प्रथम मार्शियलकडे वळतो. इ. स. ८० मध्ये सम्राट टायटसने या रंगमंडलाचे उद्घाटन केले. त्या खेळांवर मार्शियलने लघुकवितांचा संग्रह रचला. त्यात श्वापदे आहेत, झुंजणारे ग्लॅडिएटर आहेत, परंतु कवितेचा रोख पुन्हा पुन्हा सम्राटस्तुतीकडे वळतो. प्रेक्षक तेथे केवळ गर्दी म्हणून येतो.

त्या गर्दीचा स्वतःचा शब्द २०१३ च्या जानेवारीत उजेडात आला. वरच्या आसनांकडे नेणाऱ्या एका मार्गिकेच्या भिंतीवरील काजळी व क्षारांचे थर जीर्णोद्धारकांनी हटवले, तेव्हा खाली तांबडे, निळे, हिरवे रंग निघाले. विजेत्याला द्यावयाची खजुरीची झावळी, मुकुट, ग्लॅडिएटर अशी चित्रे निघाली. लिंगचित्रेही निघाली. (वर्गात हे सांगताना आम्ही अंमळ आवंढा गिळतो, हे कबूल केले पाहिजे.) त्याच भिंतीवर पुढील शतकांतील प्रवाशांनीही आपली नावे व सन नोंदवून ठेवले होते.

यांतील 'अस्सल' कोणते? केवळ प्राचीन तेवढे राखावे व नंतरचे पुसावे, हा विचार आम्हांला मान्य नाही. कोलोसियमच्या आसनांवर सिनेटरांची नावे कोरलेली आहेत. त्यांना आपण आदराने 'शिलालेख' म्हणतो. मार्गिकेतील ओरखड्यांना हा मान नाही, कारण ते कोरणाऱ्यास अधिकार नव्हता. वाङ्मयेतिहासातही आपण हेच करीत आलो आहोत.

याचा अर्थ आजच्या पर्यटकाने हात चालवावा असा नव्हे. २०१४ मध्ये एक मोठे 'के' अक्षर कोरणाऱ्या रशियन पर्यटकास वीस हजार युरोंचा दंड झाला, तो योग्यच होता. २०२३ मध्ये एकाने किल्लीने स्वतःचे व प्रेयसीचे नाव कोरले आणि पुढे माफी मागताना सांगितले, की वास्तू इतकी प्राचीन आहे याची आपणांस कल्पना नव्हती! शिक्षा व्हावीच. आमचे म्हणणे इतकेच, की असे अक्षर बुजवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, माप व तारीख दप्तरी लागावी.

यावर आमच्यापैकीच एकाचा आक्षेप आहे: नोंद होते असे कळले, तर आणखी चौघे किल्ल्या बाहेर काढतील. तो आम्हांला अद्याप खोडता आलेला नाही.