मणक्यातला पू : मोठा छेद अटळ नाही


पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर मणक्यात जंतुसंसर्ग झाला की पुन्हा मोठा छेद अटळच, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटत नाही. संसर्ग मणक्यांमधल्या चकतीपुरता असेल, पायांतली ताकद शाबूत असेल, तर सेंटिमीटरभर छेदातून दुर्बिणीने पू काढता येतो, चकती धुता येते. तोच पू जंतू ओळखण्यासाठी कल्चरला जातो. रुग्ण स्थिर असेल तर त्याआधी प्रतिजैविके देऊ नयेत. नाहीतर जंतू सापडेनासा होतो आणि पुढचे सहा आठवडे औषध अंदाजाने चालते. क्षयाची तपासणीही त्याच नमुन्यातून हवी. पाय लुळे पडू लागले, मणका डळमळीत झाला, तर मोठी शस्त्रक्रिया टाळू नये, हे खरेच. पण ती वेळ येऊ नये म्हणून संसर्ग लवकर ओळखायला हवा. शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या रुग्णाला पंधरा दिवसांनी कुशीवर वळणेही अशक्य झाले, तर ‘टाके ओढत असतील’ म्हणून बोळवण का? त्याच दिवशी रक्तातले सीआरपी (दाहाची खूण) तपासा, एमआरआय काढा.

— एक वाचक, कराड