कृष्णकमळाच्या कुळांतील सोयरीक

कृष्णकमळ आमच्या वाचकांस नवें नाहीं. मागील दारच्या मांडवावर किंवा गच्चीच्या कठड्यावर चढलेल्या त्या वेलाचें फूल हातीं घेऊन, भोंवतालचे शंभर तंतू ते कौरव, मधले पांच पुंकेसर ते पांडव, आणि सर्वांच्या वर असलेले तीन स्त्रीकेसर ते ब्रह्मा, विष्णु, महेश, अशी गणना नातवंडांना शिकविण्याचें काम घरोघर आजीबाईंकडे असतें. दक्षिण अमेरिकेंत गेलेल्या स्पॅनिश पाद्र्यांना त्याच कुळांतील फुलांत येशूच्या मस्तकावरील कांटेरी मुकुट, पांच जखमा आणि तीन खिळे दिसले. म्हणून ‘पॅशन’, म्हणजे येशूच्या यातना, हें नांव या कुळास मिळालें. त्या नांवाचा संबंध प्रेमाशीं जोडणारे पुष्कळ भेटतात. तो अर्थातच खरा नव्हे. आम्हांस आज लिहावयाचें आहे तें या कुळांतील खाण्याजोग्या फळाविषयीं. पण त्या फळाच्या सर्व अडचणी फुलांतच सांठविलेल्या आहेत, म्हणून आरंभ फुलापासून केला.

बाजारांत पॅशन फ्रूट या नांवानें येणारें फळ दोन जातींचें असतें. जांभळ्या जातीचें माहेर दक्षिण ब्राझील, पॅराग्वे व उत्तर अर्जेंटिना हा टापू. तिला थंड डोंगरी हवा मानवते. आपल्या देशांत निलगिरी, कूर्ग, मणिपूर, नागालँड, मिझोरम इकडे ती लावतात. तिचा रस गोडसर व वास मोठा मनोहर. पिवळी जात उष्ण सखल प्रदेशांत फोंफावणारी. फळ मोठें, वेल जोमदार, उत्पन्न भरपूर, परंतु रस आंबट. खाणाराला जांभळें हवें आणि पिकविणाराला पिवळें, असा हा पेंच आहे.

पिकविणाराचा ओढा पिवळ्याकडे कां, हें ऑस्ट्रेलियांतील अनुभवावरून समजतें. तेथें जांभळ्या फळाचा धंदा चांगला चालला असतां १९४३ सालीं मर रोगाची मोठी सांथ आली व वेलच्या वेल सुकून गेले. हा रोग जमिनींतल्या बुरशीचा. ती मुळांतून शिरते, त्यामुळें पानांवर औषध फवारून कांहीं साधत नाहीं. तेव्हां शोध करतां असें आढळलें कीं, ज्या पिवळ्या जातीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतें, तिचीं मुळें या बुरशीला आणि सूत्रकृमींनाही दाद देत नाहींत. मग पिवळ्याच्या खुंटावर जांभळ्याचें कलम बांधण्याची चाल पडली. परंतु कलमानें दोन जाती एकत्र नांदतात, एकरूप होत नाहींत. दोहोंचे गुण एकाच वेलाच्या रक्तांत उतरावयाचे, तर संकरच केला पाहिजे.

आणि येथें निसर्ग मोठी थट्टा करतो. जांभळें फूल पहांटे उमलून दुपारच्या आंत मिटतें. पिवळें फूल दुपारच्या सुमारास उमलतें व रात्रीं नऊदहापर्यंत उघडें असतें. वधूकडील दार लागतें न लागतें तोंच वराकडील मंडळी जागी होतात! शिवाय पिवळ्या फुलाला जांभळ्याचा पराग मानवत नाहीं; माता जांभळी आणि पिता पिवळा, एवढीच जोडी जुळते. यासाठीं लवकर उमलणारा एखादा पिवळा वेल आधीं हुडकून ठेवावा लागतो. मग जांभळ्याची कळी उमलण्यापूर्वींच चिमट्यानें तिचे पांचही परागकोश काढून टाकावयाचे, तिच्यावर पिशवी बांधावयाची, पिवळ्याचा पराग हातीं येतांच तो तिन्ही स्त्रीकेसरांच्या टोंकांवर लावावयाचा, आणि पुन्हां पिशवी बांधून देंठाला चिठ्ठी अडकवावयाची. एवढा सोपस्कार झाला म्हणजे काम संपलें असें नव्हे. अशा फळांच्या बियांपासून जीं रोपें होतात तीं सारखीं नसतात. एक आंबट, एक अशक्त, एकाची साल जाड व आंत रस थोडा. प्रत्येक रोप मांडवावर चढवून त्याचें फळ चाखावें, त्याचीं मुळें रोगट मातींत पारखावीं, तेव्हां पुष्कळांतून एखादें राखण्याजोगें निघतें.

कूर्गमधील चेट्टळ्ळी येथें भारतीय बागवानी संशोधन संस्थेचें केंद्र आहे. तेथें जांभळ्या व पिवळ्याच्या संकरापासून निघालेला वाण ‘कावेरी’ या नांवानें प्रसिद्ध आहे. कावेरी नदीचा उगम त्याच जिल्ह्यांतला, तेव्हां नांव शोभून दिसतें. याचें फळ जांभळें, उत्पन्न मात्र पित्याच्या वळणावर गेलेलें. तैवानांतील ‘तैनुंग क्रमांक १’ हा वाणही अशाच सोयरिकींतून जन्मला. त्याला स्वतःचा पराग चालतो, हा त्याचा मोठा गुण. आणि हा गुण मोठा कां, हें पिवळ्या वेलाचा स्वभाव कळल्याशिवाय ध्यानांत येणार नाहीं.

पिवळ्या वेलाला स्वतःचा पराग चालत नाहीं. त्याच फुलाचा नाहीं, त्याच वेलावरील दुसऱ्या फुलाचा नाहीं, आणि त्या वेलापासून केलेल्या कलमांचाही नाहीं. कारण तीं शंभर कलमें म्हणजे शंभर ठिकाणीं उभा असलेला तोच वेल. सगोत्र विवाहाचा निषेध आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं; परंतु माणसें त्यांतून कधीं कधीं वाट काढतात, हा वेल काढीत नाहीं. एखाद्या हौशी शेतकऱ्यानें सर्वोत्तम फळ देणारा एकच वेल निवडून त्याच्या कलमांनीं सबंध शेत भरलें, खांब रोंविले, तारा ओढल्या, तर हंगामांत मांडव फुलांनीं भरून जाईल आणि फळ मात्र धरणार नाहीं. तो बिचारा खताला दोष देईल, पाण्याला देईल, हवेला देईल. दुसऱ्या घराण्याचे वेल मधून मधून लाविले पाहिजेत, एवढें एक वाक्य न सांगतां एकाच वेलाचीं कलमें विकणारी रोपवाटिका अर्धवट माल पुऱ्या किमतीस विकते, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

दुसरा मध्यस्थ म्हणजे भुंगा. या फुलाचा पराग जड व चिकट, तो वाऱ्यानें उडत नाहीं. मधमाशी अंगानें लहान. ती पराग घेऊन जाते, पण स्त्रीकेसरांस तिचा स्पर्श होत नाहीं. लांकूड पोंखरणारा मोठा काळा भुंगा मध प्यावयास उतरला म्हणजे त्याची पाठ बरोबर परागकोशांस घांसते, आणि दुसऱ्या फुलांतील स्त्रीकेसर खालीं वांकलेले असले तर तोच पराग त्यांना लागतो. कांहीं फुलांचे स्त्रीकेसर वांकतच नाहींत. तीं फुलें तशींच गळतात. म्हणून संकर करणाऱ्यास फळाबरोबर फुलाची ही लवणही पारखावी लागते. पराग जितका अधिक पोंचेल तितक्या बिया अधिक, आणि प्रत्येक बीभोंवतीं रसाची स्वतंत्र पिशवी असल्यामुळें रसही तितकाच अधिक. जेथें भुंगे उरले नाहींत तेथें मजूर लावून दुपारीं हातानें पराग लावून घ्यावा लागतो. दुपारीं औषध फवारून भुंगे मारावयाचे आणि मग त्यांचेंच काम मजुरी देऊन करवावयाचें, याला काय म्हणावें?

या फळाचें सर्वांत मोठें पीक ब्राझीलांत निघतें, व तेंही मुख्यतः पिवळें. तेथील एम्ब्रापा या सरकारी कृषिसंशोधन संस्थेनें निवडक, भिन्न घराण्यांच्या वेलांचा संकर करून त्यांचें बीच शेतकऱ्यांस देण्याची पद्धत ठेविली; २००८ सालच्या एका वाणाचें नांव ‘गिगांते आमारेलो’, म्हणजे पिवळा महाकाय. बियांपासूनचीं रोपें एकमेकांहून पुरेशीं भिन्न असल्यानें फळ धरण्याची चिंता नसते. पण मावा किडीमार्फत पसरणारा विषाणू तेथें घर करून बसला आहे, आणि जो वेल पूर्वीं कित्येक वर्षें टिके तो पुष्कळ ठिकाणीं आतां प्रतिवर्षीं नवा लावावा लागतो. जाळीखालीं रोप उंच वाढवून मगच तें शेतांत नेतात, म्हणजे रोग गांठण्यापूर्वीं निदान एक हंगाम पदरांत पडतो. तैवानांत कलमांबरोबर विषाणूच फिरूं लागल्यामुळें निरोगी मातृवेल जाळीच्या घरांत राखून दरवर्षीं नवीं रोपें देण्याची व्यवस्था करावी लागली. रोगाला न जुमानण्याचा गुण रानटी भाऊबंदांत शोधण्याचें काम ब्राझीलांत चाललें आहे. पण रानटी जातीशीं संकर केला कीं फळ लहान होतें, चव बिघडते, आणि मग पिढ्यान् पिढ्या पुन्हां पिवळ्याशीं संबंध जोडीत मूळ गुण परत आणावा लागतो.

वाचकांपैकीं कोणी गच्चीवर पिवळा वेल लावणार असतील तर दोन निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेल्या फळांच्या बियांचे निदान दोन वेल लावावे. भुंगा फिरकत नसेल तर दुपारीं फूल पुरतें उमलून स्त्रीकेसर खालीं वांकले म्हणजे एका वेलाचा पराग मऊ कुंचल्यानें दुसऱ्याच्या तिन्ही टोंकांस लावावा. पिकलेलें फळ आपोआप खालीं पडतें, तें तोडण्याची घाई करूं नये. साल किंचित् सुरकुतली म्हणजे रस अधिक गोड लागतो.