एकदाच पोट उघडायचं का?

माजरीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत राहणारी आमची भाची दुसऱ्यांदा गरोदर होती. सातव्या महिन्यात तिच्या बेंबीजवळ लिंबाएवढा फुगवटा दिसू लागला. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, कधीतरी ऑपरेशन करावं लागेल. घरात लगेच ठरलं : सिझेरियनच करून घेऊ, त्याच वेळी हर्नियाही शिवून टाकतील. एकदाच पोट उघडायचं, एकदाच भूल, एकदाच खर्च. खरं सांगायचं तर आम्हालाही ते पटलं होतं.

भाची मात्र गप्प होती. दोन दिवसांनी म्हणाली, "मामी, ऑपरेशन हर्नियाला लागतंय ना? मग बाळासाठी पोट का कापायचं?"

प्रश्न चोख होता. तोच घेऊन आम्ही तिच्यासोबत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सर्जन, दोघांकडे गेलो. कळा देताना हर्निया फुटेल ही सासूबाईंची भीती होती. डॉक्टरांनी समजावलं की हर्निया लहान असेल, दाबल्यावर आत जात असेल, तर सहसा साधं बाळंतपण होऊ शकतं. उलट बाळंतपणाच्या वेळी पोटाचे स्नायू ताणलेले असतात, तेव्हा शिवलेला हर्निया पुन्हा येण्याची शक्यता जास्त. काही महिने थांबावं, पोट आवळू द्यावं. पुढे आणखी मूल हवं असेल तर तेही आधीच सांगावं. शिवाय प्रत्येक सिझेरियनगणिक पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतण्याचा धोका वाढतो. मात्र फुगवटा कडक झाला, दुखू लागला, आत जाईना किंवा उलट्या सुरू झाल्या, तर कोणताही महिना असो, लगेच दवाखाना गाठायचा.

म्हणून भगिनींनो, दोन प्रश्न वेगळे ठेवा. बाळासाठी सिझेरियन लागतंय का? आणि दुसरं ऑपरेशन केव्हा केलेलं बरं? बाळ आडवं असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर सिझेरियन हवंच. मग दुसऱ्या ऑपरेशनचंही विचारा. अंडाशयाची गाठ बहुधा त्याच वेळी काढता येते. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी मात्र रक्तस्रावाच्या भीतीने सहसा तेव्हा काढत नाहीत. पित्ताशयाचे खडे फार त्रास देत असतील तर मधल्या महिन्यांत दुर्बिणीने ऑपरेशन करता येतं, नाहीतर बाळंतपणानंतर. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठीही सिझेरियनची गरज नसते. साध्या बाळंतपणानंतर आठवडाभरात ते लहान छेदातून होतं.

खर्चाचंही बोलू. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. औषधं आणि ने-आण त्यातच येतात. माजरीहून वरोऱ्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, मोठ्या अडचणीला चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. रात्री कुठे जायचं, गाडी कोणाची, हे आठव्या महिन्यातच ठरवा. १०२ नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. ऑपरेशनच्या खोलीत पडद्याची काळजी वाटत असेल तर तेही संकोच न करता आधीच बोला.

आणि सगळ्यात आधी तिला विचारा. कुरआनने (सूरह अल-बकरा, २३३) बाळाचं दूध सोडवतानाही आई-वडिलांनी परस्पर संमतीने आणि मशवऱ्याने ठरवावं असं सांगितलं आहे. मग जिच्या पोटावर सुरी चालणार, तिला मशवऱ्यातून वगळून कसं चालेल?

अल्हम्दुलिल्लाह, भाचीचं बाळंतपण साधं झालं, मुलगी झाली. हर्नियाचं ऑपरेशन नऊ महिन्यांनी केलं. जड उचलायचं नाही, अशी ताकीद होती आणि मुलगी तर चांगलीच गुटगुटीत. "एकदाच उरकून घ्या" म्हणणाऱ्या सासूबाईंनीच मग दीड महिना नातीला कडेवरून खाली ठेवलं नाही.