सिंहलद्वीप आणि आमची लंका

गेल्या दसऱ्याच्या सुमारास मोर्शीत एका व्याख्यानाचा योग आला. व्याख्याते बाहेरगावचे, श्रीलंकेची 'रामायण-यात्रा' नुकतीच करून आलेले, आणि पडद्यावर चित्रे दाखवीत बोलणारे होते. नुवारा एलियाजवळील सीतेचे मंदिर, रामबोडा येथील मारुती, अशोकवन म्हणून दाखविली जाणारी झाडी, रावणाची म्हणविली जाणारी गुहा, असे करीत दीड तासात त्यांनी सारे बेट पालथे घातले. श्रोते तल्लीन झाले होते. परंतु त्या दीड तासात अनुराधपूर हे नाव एकदाही उच्चारले गेले नाही. पोलोन्नरुवाचे नाही, महावेली नदीचे नाही, सिंहली भाषेचे नाही की तमिळ भाषेचे नाही. सभा संपता संपता मागच्या रांगेतील एका शाळकरी मुलाने विचारले, "तिथं आता कोन राह्यते जी?" व्याख्याते हसून म्हणाले, "रावणाचे वंशज!" सभागृहात हशा पिकला. त्या हशाविरुद्ध आम्ही हे लिहीत आहो.

रामकथेवर आमचा रोष नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. नाहीतर अर्धा लेख वाचून उरलेल्या अर्ध्याचे उत्तर देणारे टीकाकार आमच्या परिचयाचे आहेत. वाल्मीकीची लंका काव्यात आहे आणि काव्यात ती अजिंक्य आहे. आमची तक्रार एवढीच की, त्या काव्यनगरीची सावली आम्ही एका खऱ्याखुऱ्या देशावर पाडली, आणि त्या सावलीत तो देश आम्हांस दिसेनासा झाला. ६५,६१० चौरस किलोमीटर क्षेत्राचे, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे एकपंचमांशाएवढे, दोन कोटींहून अधिक माणसांचे आणि दोन हजार वर्षांहून जुन्या सलग राजवंशकथेचे हे बेट आमच्या सुशिक्षित माणसास दहा तोंडे आणि एक जळते शेपूट एवढ्यावरून ठाऊक असावे, ही भूषणावह गोष्ट नव्हे.

बरे, ज्या ग्रंथांच्या आधारावर हे चालते त्यांनाच विचारावे, तर ते काय सांगतात? श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात जंबुद्वीपाची आठ उपद्वीपे मोजली आहेत. त्यांत सिंहल हे एक आणि लंका हे दुसरे! वराहमिहिराने बृहत्संहितेत दक्षिणेकडील देशांची जी यादी दिली, तीतही लंका निराळी आणि सिंहल निराळे. महाभारताच्या सभापर्वात युधिष्ठिरासाठी मोती आणि वैडूर्य घेऊन येतात ते सिंहल लोक. त्यांच्या पाठीशी कोणी राक्षसराज उभा नाही. आमच्या ज्योतिषकारांची लंका तर विषुववृत्तावर, उज्जयिनीच्या मध्यरेषेवर आहे. उलट सिंहलद्वीप विषुववृत्ताच्या उत्तरेस सहाव्या ते दहाव्या अंशांच्या दरम्यान, उज्जयिनीच्या चांगले चार-पाच अंश पूर्वेस पसरले आहे. कथा-कीर्तनातून भागवताचा नित्य आधार घेणाऱ्यांनी निदान भागवताची ही यादी तरी एकदा वाचावी.

ह्यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो आम्ही लपवू इच्छीत नाही. सिंहलद्वीपाचा पाली इतिहासग्रंथ महावंस हा स्वतःच त्या बेटास लंका म्हणतो. खरे आहे. पण त्याच महावंसातील बेटाच्या आरंभकथेत रावण नाही. आहे तो विजय नावाचा हद्दपार राजपुत्र आणि त्याला भेटलेली यक्षिणी कुवेणी. हा विजय बेटावर उतरण्यापूर्वी सुप्पारकास, म्हणजे आमच्या कोकणातील सोपाऱ्यास, थांबला होता आणि सोबत्यांच्या दांडगाईमुळे त्याला तेथून निघावे लागले, असे तोच ग्रंथ म्हणतो. मराठी मुलखाचा त्या बेटाशी जुन्यातला जुना लिखित संबंध शोधावयाचा तर तो हा आहे. एखादा व्याख्याता सोपाऱ्याच्या बंदरापासून आपल्या यात्रेस आरंभ करील तर आम्ही पहिल्या रांगेत बसू.

रावणाची लंका मग कोठे, हा वाद आम्ही येथे सोडवीत नाही. इंदूरचे सरदार माधवराव किबे ह्यांनी ती अमरकंटकाच्या परिसरात ठेविली; पुढे डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया ह्यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात ती मध्यप्रदेशच्या पूर्व भागात व छोटा नागपुराच्या बाजूस शोधली. हे मत मानावे की न मानावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण एवढे मोठे विद्वान ज्या ओळखीविषयी साशंक राहिले, ती ओळख तिकिटे विकणाऱ्यांनी निर्विवाद ठरवून टाकावी ह्याचे नवल वाटते.

आता दूर कशाला जा, आमच्या मोर्शी तालुक्यातच पाहू. महानुभावांचे ऋद्धपूर सर्वांस ठाऊक आहे. त्याच ऋद्धपुरास वाकाटकांची राजमाता प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट सापडला. तो तिने रामगिरिस्वामींच्या, म्हणजे रामटेकच्या देवाच्या, चरणांपासून दिला आहे. ह्याहून अधिक रामभक्त दानपत्र विदर्भात दाखविणे कठीण. आणि ह्या बाईचा आजोबा समुद्रगुप्त. त्याच्या प्रयागच्या स्तंभलेखात दूरदूरच्या देशांची मोजदाद करताना ह्या बेटाचे लोक येतात ते 'सैंहलक' ह्या नावाने. रामाच्या पायाशी बसून दान देणाऱ्या स्त्रीच्या घरात त्या बेटाचे नाव सिंहल असे चालत होते. राक्षसांचा देश म्हणून त्याची हेटाळणी करण्याची गरज त्या लेखास भासलेली नाही.

परंतु आपल्या पूर्वजांस सरसकट निर्दोष ठरविणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वत्सगुल्माच्या, म्हणजे आजच्या वाशीमच्या, वाकाटक हरिषेणाच्या काळी त्याच्या एका मांडलिकाने अजिंठ्याचे सतरावे लेणे कोरविले. त्यात सिंहलावदानाचे भव्य चित्र आहे. गलबत फुटलेला सिंहल नावाचा व्यापारी एका बेटावर येतो. तेथे सुंदर स्त्रियांच्या रूपाने राक्षसी राहतात. तो निसटतो आणि पुढे हत्ती-घोड्यांसह परत येऊन ते बेट जिंकतो. चित्र अप्रतिम आहे. परंतु ज्या पिढीत आमचे चितारी त्या बेटावर राक्षसी रंगवीत होते, त्याच पिढीत त्या बेटावरील खरी माणसे काय करीत होती? धातुसेन राजाच्या कारकीर्दीत ती कलावेवा नावाचा प्रचंड तलाव बांधीत होती, आणि त्याचे पाणी अनुराधपुरास नेण्यासाठी सुमारे ८७ किलोमीटर लांबीचा पाट खणीत होती. त्या पाटाच्या आरंभीच्या सुमारे २७ किलोमीटरांत उतार दर किलोमीटरास जेमतेम १० सेंटिमीटर आहे. आजच्या उपकरणांवाचून एवढा बारीक उतार साधणाऱ्यांस राक्षस म्हणावयाचे असेल तर असे राक्षस आमच्या पाटबंधारे खात्यास लाभोत!

हे पाण्याचे प्रकरण थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण मोर्शीच्या माणसास त्या बेटापासून घेण्यासारखे जे आहे ते येथे आहे. बेटाचा नैर्ऋत्य भाग ओला. उरलेला बहुतेक मुलूख कोरडा, मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीच्या पावसावर जगणारा. ह्या कोरड्या भागात गावोगाव लहान तलाव आहेत आणि ते एकेकटे नाहीत. एका ओढ्याच्या खोऱ्यात ते माळेप्रमाणे ओवलेले असतात: वरच्या तलावाखालील शेतांतून झिरपलेले पाणी खालच्या तलावात, तेथून त्याच्या खालच्यात. तलावाच्या वरच्या अंगास झाडांचा पट्टा, मग गाळ अडविणारे गवत आणि खड्डे. बंधाऱ्याच्या खाली क्षार शोषून घेणारी झाडी. मोठ्या तलावांच्या बांधात चौकोनी दगडी विहिरीसारखी रचना असते. तिला बिसोकोटुव म्हणतात. पाण्याचा जोर तेथे मोडतो आणि पाणी हवे तेवढेच सुटते. हेन्री पार्कर ह्या इंग्रज पाटबंधारे अधिकाऱ्याने १९०९ च्या आपल्या ग्रंथात ह्या शोधाचा मान सिंहली कारागिरांस दिला आहे. २०१७ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने ह्या तलावमाळांस शेतीचा जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतील पुष्कळ तलाव आजही शेतास पाणी देतात.

आणि आम्ही? मोर्शी-वरूडच्या संत्र्यांनी आम्हांस वैभव दाखविले, आणि त्या वैभवापायी आम्ही जमिनीच्या पोटातले पाणी उपसून काढले. बोअरची खोली शेकडो फुटांनी मोजण्याची पाळी आली; उन्हाळ्यात उभी बाग वाळताना पाहून हातात कुऱ्हाड घेणारा शेतकरी ह्या तालुक्यास नवा नाही. सिंभोऱ्यास वर्धेवर मोठे धरण झाले आणि त्याच्या जलाशयास नल-दमयंतीचे नाव दिले. नाव उत्तम आहे. परंतु ओढ्या-ओढ्यावर गावाने राखलेली तलावांची माळ एका धरणाने भरून निघत नाही, हे ज्या देशाने दोन हजार वर्षे ओळखले, तेथे यात्रेकरूंच्या तुकड्या पाठवून आम्ही काय पाहून येतो? मारुतीच्या पायाचा ठसा.

ह्या अज्ञानाचा दुसरा परिणाम अधिक क्रूर आहे. २०२१ च्या एप्रिलात तेथील सरकारने रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. भाताचे पीक कोसळले, चहाच्या मळ्यांस फटका बसला, आणि नोव्हेंबरापर्यंत बंदी मागे घ्यावी लागली. परकीय चलन आधीच आटलेले. २०२२ च्या एप्रिलात परदेशी कर्जफेड थांबली, पेट्रोल व औषधे मिळेनाशी झाली, आणि जुलैत अध्यक्षांस देश सोडून पळावे लागले. शेतीत पुरती तयारी न करता वरून फर्मान सुटले तर काय होते, ह्याचा हा अलीकडील सर्वांत मोठा धडा होता, आणि वऱ्हाडातील शेतकऱ्याने तो ओळ न ओळ वाचावयास हवा होता. त्या दिवसांत आमच्या चौकांतून काय ऐकू आले? सोन्याची लंका पुन्हा जळाली, एवढाच विनोद. भुकेने रांगेत उभ्या असलेल्या माणसांवर विनोद सुचण्यास आधी ती माणसे नाहीत असे मनात ठरवावे लागते.

व्याख्यात्यांच्या त्या सीतामंदिराचेच घ्या. ते चहाच्या मळ्यांच्या मुलखात आहे आणि तेथे पिढ्यान् पिढ्या पूजा करीत आले ते मळ्यांत राबणारे तमिळ लोक. इंग्रजांनी त्यांच्या पूर्वजांस तमिळ देशातून आणले, आधी कॉफीसाठी व मग चहासाठी. देश स्वतंत्र होताच १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने त्यांतील बहुतेकांस परके ठरविले. १९६४ साली शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके ह्यांनी बसून त्यांची वाटणी केली: सव्वापाच लाख भारताने घ्यावेत, तीन लाख सिलोनने ठेवावेत, आणि दीड लाखांचे पुढे पाहू! ज्यांना वनवास घडला ते असे डोळ्यांपुढे उभे असताना पडद्यावर फक्त मंदिराचा कळस आणि हिरवा मळा दिसला. पाने खुडणारी एकही बाई दिसली नाही. १९८३ पासून २००९ पर्यंत ज्या यादवी युद्धाने ते बेट होरपळले, त्याचा तर नामनिर्देशही नाही.

गंमत अशी की, आमच्या पंचक्रोशीत ह्या बेटाविषयी एकच समजूत नाही. मेळघाटातील कोरकू रावणास शत्रू मानीत नाहीत. १९१६ साली रसेल व हिरालाल ह्यांनी नोंदविलेल्या त्यांच्या कथेत सातपुडा ओसाड पाहून महादेवास तेथे माणसे वसविण्याची विनंती करतो तो रावणच. मग महादेव कावळ्याकरवी वारुळाची तांबडी माती शोधवून तिचे पहिले स्त्रीपुरुष घडवितो. अकोला जिल्ह्यात सांगोळा गावी रावणाची दगडी मूर्ती पुजली जाते. आणि आमच्याच गावांतील बौद्ध वस्तीत विचाराल तर हे बेट महेंद्र आणि संघमित्रा ह्यांचे आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन ह्यांनी अनुराधपूरच्या वृक्षाच्या फांदीपासून आणला. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली बौद्ध परिषदेसाठी त्या बेटावर गेले होते. त्यांच्याही पूर्वी, १९०२ साली, गोव्याचा एक तरुण हालअपेष्टा सोशीत कोलंबोस पोचला आणि विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकला. त्या धर्मानंद कोसंब्यांनी मराठीस बुद्ध दिला. जो देश मराठी वाङ्मयाचा असा ऋणको नव्हे तर धनको आहे, त्याच्याविषयी त्या सभागृहात हशा पिकला, आणि बौद्ध वस्तीतील जी चार मुले तेथे बसली होती ती हसली नाहीत. हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले.

तिकडेही सारे शहाणपण नांदत आहे असे नव्हे. अलीकडे तेथील काही मंडळींनी रावणास आपला आद्य सम्राट करून घेतले आहे. २०१९ साली त्या देशाचा पहिला लहानसा उपग्रह आकाशात गेला तोही 'रावण-१' ह्या नावाने. आम्ही ज्याला जाळतो त्याला ते मिरवतात. दोन्हीकडे बिचारा धातुसेन उपाशीच. त्याच्याविषयी तिकडचा इतिहास असे सांगतो की, पुत्र काश्यपाने त्याला कैद केले आणि दडविलेले धन दाखव म्हणून धरणे धरले. म्हाताऱ्या राजाने त्याला कलावेवाच्या काठी नेले, पाण्यात उतरून ओंजळ भरली आणि हेच माझे धन म्हणून दाखविले. काश्यपाने त्याला ठार करविले.

तेच व्याख्याते येत्या उन्हाळ्यात पुन्हा येणार असल्याचे ऐकतो. मोर्शीत तेव्हा टँकर फिरत असतील. त्यांनी आपल्या चित्रांत कलावेवाचे एक चित्र घालावे, अशी विनंती आम्ही चालकांकडे लेखी केली आहे. आणि मागच्या रांगेतील त्या मुलास ह्या खेपेस पुढे बसवावे, अशीही.