कानाने वाचायचे साहित्य

कहाणी, कविता आणि भाषण हे तिन्ही प्रकार आधी कानासाठी घडले आणि मग कागदावर आले. पुनरुक्ती, यमक, संबोधन, दृष्टान्त, ठरीव सुरुवात आणि ठरीव शेवट हे त्यांतले वाङ्मयीन घटक शाळेच्या पुस्तकात व्याख्येसह आणि उदाहरणासह भेटतात. विद्यार्थी त्यांची नावे पाठ करतो, परीक्षेत ओळखतो आणि रसग्रहण तिथेच संपते. तेवढ्याने हाती फारसे काही लागत नाही. एकच घटक कहाणीत एक काम करतो, ओवीत दुसरे आणि सभेत तिसरेच. ऐकणाऱ्यावर त्याचा काय परिणाम होतो, इथून परीक्षणाला सुरुवात व्हायला हवी.

मराठीतल्या श्रावणी कहाण्या पाहाव्यात. हातात अक्षता घेऊन ऐकायच्या या गोष्टी आटपाट नगरात सुरू होतात. त्या नगराला नकाशा नाही, राजाला नाव नाही. राणी आवडती किंवा नावडती, म्हातारी गरीब, ब्राह्मण दरिद्री, एवढीच पात्रांची ओळख. विशेषणांचा खर्च जवळजवळ शून्य. वाक्ये तीन-चार शब्दांची, एकामागून एक क्रियापदांवर चालणारी. उतणे, मातणे आणि घेतला वसा टाकणे यांना मनाई करणारे सूत्र वेगवेगळ्या वारांच्या कहाण्यांत पुन्हा पुन्हा येते. सांगणारीला ते तोंडपाठ असते, ऐकणारीलाही असते. दोघींना ठाऊक असलेली ही जागा आली की कथा विसावते आणि पुढच्या वळणाची तयारी होते.

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी रचनेच्या दृष्टीने फार बारकाईने वाचण्यासारखी आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरण्याचा राजाचा हट्ट असतो. गावातले सगळे दूध ओतले जाते, पण गाभारा भरत नाही. लेकरांना आणि वासरांना पोटभर पाजून उरलेले खुलभर दूध एक म्हातारी घेऊन येते आणि गाभारा भरतो. पुढच्या सोमवारी राजा पहारा बसवतो, तरी उलगडा होत नाही. तिसऱ्या सोमवारी तो स्वतः टपून बसतो आणि म्हातारी सापडते. लोककथांत घटना तीनदा घडते, हा नियम डॅनिश अभ्यासक अक्सेल ओलरिक यांनी 1909 साली मांडला होता. इथे तो नियम दिसतोच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘का?’ हा प्रश्न दर फेरीला अधिक ताणला जातो. उत्तर शेवटी म्हातारीच्या तोंडून येते: राजाच्या हुकुमामुळे मुले आणि वासरे तळमळली, ते देवाला आवडले नाही. निवेदक स्वतःच्या तोंडाने उपदेश करत नाही. गावभर दूध आणि खुलभर दूध या मापांच्या विरोधातच सत्तेवरची टीका आहे, आणि ती राजाच्या तोंडावर बोलण्यासाठी कहाणीने गावातली सर्वांत दुबळी व्यक्ती निवडली आहे.

शुक्रवारच्या बहीण-भावाच्या कहाणीत हाच नेमकेपणा वस्तूंमधून येतो. गरीब असताना भावाने पंगतीतून उठवलेली बहीण पुढे श्रीमंत होते. मग भाऊ तिला सन्मानाने जेवायला बोलावतो. ती अंगावरचे दागिने काढून पाटावर मांडते आणि वाढलेला एकेक पदार्थ एकेका दागिन्यावर ठेवते. भाऊ विचारतो तेव्हा ती सांगते, जेवणाचे आमंत्रण यांनाच आहे. अपमानाचे वर्णन नाही, अश्रू नाहीत. दागिन्यावर ठेवलेल्या घासातून सगळे दिसते. व्लादिमिर प्रॉप यांनी 1928 साली रशियन परीकथांमधून वेगळी काढलेली 31 कार्ये या कहाण्यांना लावून पाहता येतात आणि त्यातून कथानकाचा सांगाडा हातीही येतो. मात्र ताटातला घास पाटावरच्या दागिन्यावर जातो, त्या कृतीचे वजन त्या सांगाड्यात कुठेच बसत नाही.

कवितेत मराठीचा सर्वांत जुना आणि लवचीक छंद ओवीचा. 1290 सालच्या ‘ज्ञानेश्वरी’ची ओवी साडेतीन चरणांची आहे. पहिल्या तीन चरणांना यमक असते आणि अखेरचा आखूड चरण यमकाविना सुटतो. तत्त्वज्ञान सांगताना या आखूड चरणाचा मोठा उपयोग होतो, कारण तीन यमकांनी उंचावलेला सूर तिथे एकदम जमिनीवर येतो आणि विचार पक्का बसतो.

जात्यावरची ओवी याच कुळातली, पण तिची लय जात्याच्या फेऱ्यातून येते. दोघी समोरासमोर बसतात, खुंट्यावर दोघींचे हात, एकीने मधूनच मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकायचे. एकीने ओळ म्हटली की ती पुन्हा म्हटली जाते आणि तेवढ्या वेळात पुढची ओळ जुळते. पुनरुक्ती इथे रचनेला सवड देते. आई, भाऊ, मैत्रीण यांना घातलेली साद पुष्कळदा ठरीव असते आणि तिच्या पुढचा अर्धा भाग बाईचा स्वतःचा असतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. एवढ्या मोठ्या साठ्यावर ‘करुण’ असा एकच शिक्का मारून मोकळे होणे हा त्या बायांवर अन्याय आहे. त्यांत टोमणा आहे, हिशेब आहे, सासरच्या कारभारावर उघड शेरे आहेत. बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांनी घरकाम आणि शेतकाम करता करता रचलेली गाणी सोपानदेवांसारख्या मुलाने टिपून ठेवली आणि 1952 साली ती पुस्तकरूपाने आली, म्हणून वाचली. बहुतेकींच्या वाट्याला असा टिपणारा आला नाही.

अभंगाचा हिशेब अक्षरांचा. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे येतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांना यमक असते. छापील गाथेत धृपद एकदाच येते, पुढे ‘धृ.’ एवढी खूण. दिंडीत मात्र प्रत्येक कडव्यानंतर तेच धृपद परत येते आणि दर वेळी आधीच्या कडव्याचा अर्थ घेऊन येते. मुक्याने वाचणाऱ्याला अभंगाचा हा वाढत जाणारा अर्थ मिळत नाही.

भाषणाला समोरचा समुदाय घडवतो. गाडगे महाराजांचे कीर्तन साध्या प्रश्नांवर चाले. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच. ते उत्तर हजारो कंठांतून आले की पुढच्या प्रश्नाची पायरी तयार होई आणि देवाच्या नावाने बोकड कापणे किंवा कर्ज काढून लग्न करणे चूक आहे, हे अखेरीस श्रोते स्वतःच म्हणत. शिवराम महादेव परांजपे यांच्या लेखणीत आणि वाणीत वक्रोक्ती आली ती राजद्रोहाच्या कायद्यामुळे. उघड बोलण्याची किंमत तुरुंग होती, आणि 1908 साली ती त्यांना मोजावीच लागली.

25 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले भाषण या संदर्भात स्वतंत्र अभ्यासाचे आहे. युक्तिवादाची सुरुवात नकाराने होते. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने कोणी अमर होणार नाही आणि आजवर ते न पिता कोणी मेलेले नाही, असे ते आधी मान्य करतात. पाण्याचा मुद्दा असा स्वतःच बाजूला सारल्यावर इतरांसारखीच आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करण्याचा मुद्दा एकटा उरतो. मग येतो 1789 च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या एका गावच्या तळ्याचा झगडा त्यामुळे समतेच्या जागतिक लढ्याच्या रांगेत जाऊन बसतो. दृष्टान्ताला सजावट समजणाऱ्यांनी ही जागा पुन्हा पाहावी: तो दाखला काढला तर सभेला आलेल्या माणसाने स्वतःकडे पाहण्याची उंचीच बदलते.

जुन्या भाषणवृत्तांत कंसात ‘टाळ्या’ किंवा ‘हशा’ असे छापलेले असते. संपादक पुस्तक काढताना ते शब्द अनेकदा गाळतात. वक्ता कुठे थांबला, कोणते वाक्य पोचले आणि कोणत्या दाखल्यावर सभा हलली, याचा लेखी पुरावा पुष्कळदा त्या कंसांतच उरलेला असतो. म्हणून भाषणांचे संग्रह काढताना ते कंस आहेत तसे ठेवावेत, ओव्यांच्या संग्रहात पुन्हा म्हटलेली ओळ पुन्हा छापावी आणि कहाणीच्या पुस्तकात ती कोणत्या वारी, कोणापुढे सांगितली जाते याची नोंद द्यावी.